सुभेदारांचं यंत्र म्हातारं झालं

सुभेदार रेकॉर्ड लावणार असले की आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी बंद राहते. गिरणीवाल्याचा संगीताशी संबंध नाही. त्याचा संबंध सुभेदारांच्या आवाजाशी आहे. तो एकदा ऐकला की माणूस आपण होऊन पट्टा उतरवतो. दळणाला आलेल्या बाया डबे ओळीने लावून पायरीवर बसतात. एखादी नवखी विचारते, "लाईट गेली का?" तिला सांगितलं जातं, "न्हाई. आबांचं गाणं लागलंय." गाणं कुणालाच ऐकू येत नाही. ते खोलीबाहेर जाऊ नये अशी व्यवस्था सुभेदारांनी केलेली आहे. गावाच्या वाट्याला फक्त थांबलेली गिरणी येते.

कुंडलमध्ये फौजेतून आलेला माणूस ही बातमी होत नाही. घरटी एक सापडतो. बहुतेक जण पेन्शन सुरू झाली की ऊस लावतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात आणि पडतात. आमचे शेजारी सुभेदार मारुतीराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, सिग्नल शाखेतून निवृत्त होऊन आले. त्यांनी ऊस धाकट्या भावाच्या हवाली केला, निवडणुकीचा अर्ज भरला नाही आणि दार लावून रेकॉर्ड ऐकत बसले. गावाला हे संशयास्पद वाटलं. दार लावून बसणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते बघून ये, असं मला सांगण्यात आलं, कारण मी सांगलीच्या एका दैनिकाचा बातमीदार आहे आणि बातमीदाराला दुसरं काम नसतं असा समज आहे.

मी बघून आलो. खोलीच्या भिंतींना आतून उसाचं पाचट पोत्यांत शिवून लावलेलं होतं. शहरातले लोक आवाज शोषून घेणाऱ्या महागड्या गाद्या विकत आणतात. आमच्याकडे ती वस्तू शेतात पेटवून देतात. पाचटाने आवाज शोषला हे खरं. त्याबरोबर उंदीरही आले. सुभेदारांनी पिंजरा लावला, पण झडप पडताना 'खट्' होते म्हणून रेकॉर्ड चालू असेपर्यंत पिंजरा बांधून ठेवायचा असा हुकूम आहे. तेवढ्या वेळात उंदरांना अभय असतं.

रेकॉर्ड प्लेअरसाठी फरशी फोडून खाली मुरमापर्यंत सिमेंटचा एक खांब उतरवलेला आहे. गळिताच्या हंगामात रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यांचा हादरा पिनेला लागू नये हा हेतू. खांब भरताना गवंड्याने विचारलं होतं, "आबा, वर किती मजले चढवायचे?" वीज तारेवरची चालत नाही. "ती घाण वीज हाय," असं सुभेदारांचं मत. यंत्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतं. त्यामुळे रविवारी भावाला ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागतो. भाऊ ढकलतो आणि मोठ्याने शिव्या देतो. सुभेदार खिडकीची फट उघडून त्याला त्या हळू द्यायला सांगतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "आवाज हजर हाय, पर वर्दीत न्हाई." हे ते रेकॉर्डबद्दल बोलतात, तसंच आमटीबद्दल, सरपंचाच्या भाषणाबद्दल आणि स्वतःच्या जावयाबद्दलही. त्यांच्या यंत्रणेला आवाज जाडा-बारीक करायची बटणं नाहीत. अशी बटणं फिरवणारा माणूस त्यांच्या लेखी निरोपात फेरफार करणाऱ्या शिपायासारखा. "सिग्नलवाल्याचं काम काय? आलाय तसा निरोप पोचवायचा. त्यात आपलं शाणपण घालायचं न्हाई. रेकॉर्डवर जे हाय तेच कानापातूर आलं पायजे."

या तत्त्वापुढे दबून असणारी माणसंही आहेत. सांगली-साताऱ्याकडच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. त्यातल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे कान कच्चे वाटतात. अपवाद फक्त सुभेदारांचा. ते 'वर्दीत न्हाई' म्हणाले की समोरचा माणूस घरी जाऊन स्पीकर हलवतो. मंडळाचे पुढारी साताऱ्याचे एक दातांचे डॉक्टर. ते महिन्यातून एकदा रेकॉर्डी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून कुंडलला येतात आणि घोंगडीवर मांडी घालून बसतात. खोलीत खुर्ची एकच आहे, तिचे पाय फरशीत पक्के केलेले आहेत आणि तिच्यावर डॉक्टरांना बसता येत नाही. एकदा त्यांना खोकल्याची ढास आवरली नाही, तेव्हा उरलेलं गाणं त्यांनी अंगणात काढलं.

सुभेदारांच्या पत्नी शालनकाकी मात्र रेकॉर्ड ऐन रंगात असताना दार ढकलून विचारतात, "आवं, भाकरी टाकू का?"

"टाक," सुभेदार म्हणतात. त्यांना अंगणात पाठवल्याचं मी पाहिलेलं नाही.

याचं कारण काकींनीच मला एकदा मेथी निवडताना सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीला सुभेदार रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. सोबत एक लावणीची रेकॉर्ड. नव्या बायकोला शेजारी बसवून त्यांनी ढोलकी कुठली, तुणतुणं कुठलं, हे समजावून सांगायला सुरुवात केली. फौजी माणूस लग्नानंतर काही दिवस सगळंच समजावून सांगतो. काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही बाई उभी राहून गाती. आन् आत्ता तिनं पाय बदलला."

सुभेदार हसले. मग त्यांनी रेकॉर्ड पुन्हा लावली, कान स्पीकरला लावला. दोन कडव्यांच्या मध्ये बाई श्वास घेते, तिथे, अगदी मागे, एक घुंगरू वाजत होतं. गाण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. उभं राहून तिचे पाय अवघडले असावेत. सिग्नलच्या माणसाच्या कानाला जे सापडलं नव्हतं, ते नुकतीच माहेरहून आलेली मुलगी सांगून मोकळी झाली होती. सुभेदारांनी पुढच्या सुट्टीला चांगला स्पीकर आणला. नंतरचं सगळं, खांब, पाचट आणि बॅटरीसकट, त्या एका घुंगरातून उगवलेलं आहे.

ती रेकॉर्ड दर रविवारी लागते, आणि तेवढ्यापुरतं खोलीचं घरातलं दार उघडं असतं. कडवं संपतं, घुंगरू वाजतं आणि काकी असतील तिथून म्हणतात, "बदलला पाय." त्यानंतरच पुढची रेकॉर्ड निघते.

गेल्या वर्षी एका रविवारी कडवं संपलं आणि काकी काहीच बोलल्या नाहीत.

सुभेदारांनी पिन उचलून मागे ठेवली. काकींना खुर्चीत बसवलं, स्वतः खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले. काकी बसल्या की ते असेच उभे असतात. कडवं पुन्हा संपलं.

"आज न्हाई वाजलं," काकी म्हणाल्या.

मी घोंगडीवर होतो. "वाजलं की, काकी," मी म्हणालो.

सुभेदार माझ्याकडे वळले. "बातमीदार, तुमचे कान पेपरवाल्याचे. तुमास्नी न घडलेलं बी ऐकू येतं." मग काकींकडे पाहून त्यांनी निर्णय दिला, "यंत्र म्हातारं झालं."

"आपल्यावानीच," म्हणत काकी उठल्या आणि पिठाला पाणी घालायला गेल्या.

त्या दिवसापासून सुभेदारांनी यंत्राच्या म्हातारपणाविरुद्ध मोहीम उघडली. आधी तबकडी फिरवणारा रबरी पट्टा बदलला. काकींना बसवलं. "न्हाई बा." मग पिन बदलली. "न्हाई." मग वायरी. वायरी मनगटाएवढ्या जाड होत्या आणि त्या पाहून भावाने विचारलं की मोटरीला लावायच्या का. काकींना कडवं ऐकून "न्हाई" म्हणायचाही आता संकोच वाटू लागला होता. "जाऊ द्या की आवं. एका घुंगरापायी किती करताय? तिचा पाय ती बगून घील."

"यंत्रानं काम केलंच पायजे," सुभेदार म्हणाले.

डॉक्टरांनी साताऱ्याहून निदान पाठवलं: खोड दांडीत आहे. दांडी म्हणजे पिन पुढच्या टोकाला धरून रेकॉर्डवरून सरकणारा हात. जुनी दांडी सांध्यात सैल झाली होती, तबकडीची मोटरही थकली होती. तेव्हा दोन्ही नवीनच घ्यावं असं ठरलं. दांडी परदेशातून येणार म्हटल्यावर गावात तिची चर्चा झाली. तिच्या किमतीत खिलारी बैलांची जोडी येते, असं चहाच्या टपरीवर सांगत. किंमत सुभेदारांनी कुणालाच सांगितली नव्हती, त्यामुळे दर आठवड्याला बैल अधिक उमदे होत गेले.

मला वेगळीच बातमी लागली होती. जुन्या यंत्रावर घुंगरू स्वच्छ वाजत होतं. मला ऐकू येत होतं, डॉक्टरांना ऐकू येत होतं. सुभेदार मात्र "न्हाई" म्हणत होते. शिवाय अलीकडे ते मोठ्याने बोलू लागले होते. एरवी हळू आणि कोरडं बोलणारा माणूस आता जेवताना मीठ मागायचा तर आम्हाला भिंतीपलीकडे कळायचं. पुरावे जुळत होते. या भागातला सर्वांत तिखट कान बहिरा झाला होता आणि त्याचा मालक तो राग तबकडीवर काढत होता. काकी बिचाऱ्या नवऱ्याची लाज राखायला त्याच्या 'न्हाई'त आपला 'न्हाई' मिसळत होत्या. बातमी पक्की होती. फक्त छापायची नव्हती.

एकदा अंगणात काकी जवळ असताना मी विषय काढला. "आबा, मिरजेला कानाचे चांगले डॉक्टर आहेत. एकदा जाऊन..."

सुभेदारांनी माझा दंड धरला आणि मला फाटकाबाहेर नेलं. तिथे त्यांचा आवाज पुन्हा जुन्यासारखा, हळू झाला.

"ही गोष्ट तिच्यासमोर परत काढायची न्हाई. समजलं?"

"लाजायचं काय त्यात, आबा? वय झालं की..."

"समजलं का तेवढं सांगा."

मी समजलं म्हणालो. समजलं नव्हतं.

नवं यंत्र लाकडी खोक्यातून आलं. डॉक्टर साताऱ्याहून आले ते पाणसळ, भिंग आणि दातांच्या कामाचा छोटा आरसा घेऊन. दोघांनी सकाळभर तबकडी समपातळीत आणली, दांडी बसवली. नव्या दांडीला मागच्या बाजूला एक स्क्रू होता; त्याने तिचं बूड वर-खाली करता येत होतं. जुन्या दांडीला ती सोय नव्हती. डॉक्टरांनी दाढ भरावी तसं डोळा बारीक करून ते बूड बरोबर मध्यावर आणलं. "केसभरही हलवायचं नाही आता," ते म्हणाले. "बूड वर गेलं की आवाज चिरका होतो, खाली गेलं की बसतो. हा बिंदू एकच असतो."

"ठाऊक हाय," सुभेदार म्हणाले.

काकींना हात पुसत बोलावून आणलं, खुर्चीत बसवलं. लावणी लागली. मला संगीतातलं कळत नाही, पण ढोलकीवाला खोलीत येऊन बसल्यासारखं वाटलं एवढं नोंदवून ठेवतो. बाई भिंतीपासून दोन पावलं पुढे उभी होती. कडवं संपलं, तिने श्वास घेतला आणि घुंगरू असं वाजलं की मी खाली फरशीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "वा."

काकी समोर बघत होत्या. कपाळाला बारीक आठी होती. "न्हाई आलं," त्या म्हणाल्या.

"अहो काकी, काय म्हणता? इतकं स्पष्ट..."

"डॉक्टर," सुभेदार मध्येच म्हणाले. खोलीत रेकॉर्ड चालू असताना त्यांनी कुणाचं बोलणं तोडलं, हे मी प्रथमच पाहत होतो. "ती म्हणती ते बरोबर हाय. मला बी न्हाई आलं. दांडी अजून बसायची हाय."

डॉक्टर त्यांच्याकडे पाहत राहिले. मी काकींकडे पाहत होतो. सुभेदार त्यांच्या मागे उभे राहून एवढं सगळं बोलले, तरी काकींनी मान वळवली नव्हती.

डॉक्टर पडवीत बूट चढवत म्हणाले, "सुभेदार, राग मानू नका. एकदा कान दाखवून घ्या."

"घेतो," सुभेदार म्हणाले.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी विचारलं, "तुम्हाला आलं होतं ना, आबा?"

"मला पयल्यापासनं येतंय."

"मग काकींना का सांगत नाही?"

ते रस्त्याकडेच बघत होते. "तिची आई म्हसवडला. मोठं घर, माणसं लय. म्हातारीचे कान गेले, तवा घरात तिच्याशी बोलायचंच बंद झालं. कोण ओरडत बसणार? हातानं खुणा. जेव, ऊठ, सर. नाव घेऊन कुणी हाक मारंना, भैरी म्हणायचे. ही एकटी तिच्या कानाला तोंड लावून दिवसभराचं सांगायची. लग्न ठरलं तवा ही रडली. मला वाटलं समद्या पोरी रडतात तशी. तर ही म्हणती, आता आईसंगं कोण बोलणार?" त्यांनी फाटकाची कडी धरली. "माझ्या आईवानी माझं झालं तर, असं एकदा म्हणाली व्हती मला. एकदाच. परत कवा विषय न्हाई काढला."

"आज मशीन मिळतात कानाची. बारीक असतात. दिसतसुद्धा नाहीत."

"लावू की. न्हाई कोण म्हणतंय? पर त्याच्या आदी तिला सांगावं लागंल न्हवं." त्यांनी फाटक लावलं. "सांगणार हाय. धा येळा ठरवलं. तोंड उगडतो आन् यंत्राला शिव्या देतो."

मग ते आत गेले आणि ओसरीवरून त्यांचा मोठा आवाज आला, "शालन, चा ठेवलाय का?"

त्यानंतर सुभेदारांनी जे केलं ते मंडळाच्या दृष्टीने अक्षम्य होतं. त्यांनी दांडीच्या बुडाचा स्क्रू फिरवायला सुरुवात केली. रविवारी रविवारी थोडा थोडा. बूड वर चढत गेलं. ढोलकी आधी लांब गेली, मग डब्यासारखी वाजू लागली. तुणतुण्याला धार आली. बाईचा आवाज पत्र्यावरून फरफटत नेल्यासारखा येऊ लागला. प्रत्येक वेळी काकी खुर्चीत बसून ऐकायच्या आणि प्रत्येक वेळी सुभेदार स्क्रू थोडा आणखी वळवायचे. पुढे त्यांनी आवाजही वाढवला. आलाय तसा निरोप पोचवणारा माणूस आता निरोपाचं पार वाटोळं करत होता, आणि तेही पूर्ण समजून, जागेवर उभं राहून.

डॉक्टर एकदा आले. अर्धं कडवं ऐकलं, घोंगडीवरून उठले, आपल्या रेकॉर्डी मलमलीत गुंडाळल्या आणि रुग्ण थांबलेत असं सांगून निघाले. पुढे साताऱ्याहून मला मंडळातल्या एकाचा फोन आला. "तुमच्या सुभेदारांचा कान गेला म्हणे. खरं का? फार वाईट झालं. एवढा मोठा कान." मी कळवतो म्हणालो. सुभेदारांना विचारलं, काय सांगू?

"गेला म्हणून सांगा," ते म्हणाले. "सोपं पडतं समद्यांना."

आता मंडळाच्या बैठका दुसरीकडे होतात. कुणी सल्ला विचारायला येत नाही.

गेल्या रविवारी दुपारी मी घराची चावी ठेवायला त्यांच्याकडे गेलो. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, लावणी चालू होती. उंबऱ्यावर उभं राहून ती ऐकणं मला जड गेलं, दात आंबले. काकी खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. हात मांडीवर, बोटांना ओलं पीठ लागलेलं. सुभेदार आता खुर्चीच्या मागे उभे नव्हते. ते बाजूला भिंतीशी, काकींचा चेहरा दिसेल अशा बेताने उभे होते. त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

कडवं संपलं. बाईने श्वास घेतला. सुभेदारांची नजर तबकडीवर नव्हती, काकींच्या कपाळावर होती.

कपाळावरची आठी हळूच मोडली. काकींचे ओठ हलले. सुभेदारांनी दोन्ही कानांतला कापूस काढून खिशात टाकला, तेवढ्यात काकींनी डोळे उघडले.

"आलं न्हवं?" त्यांनी विचारलं.

"लय क्लिअर आलं," सुभेदार मोठ्याने म्हणाले आणि पिन उचलायला वाकले.